तीनशे सत्तर ग्रॅमांचा निवाडा

स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया चालू असते तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या एका कोपऱ्यात छोटा डिजिटल काटा ठेवलेला असतो. उजव्या स्तनातून काढलेलं ऊतक एका भांड्यात, डाव्यातलं दुसऱ्यात. नर्स वजन करून आकडा मोठ्याने सांगते आणि तो लिहून घेतला जातो. दोन्ही बाजू सारख्या होताहेत ना, हे पाहण्यासाठी सर्जनला तो आकडा हवाच असतो. पण इन्शुरन्सच्या जगात याच आकड्यावर दुसरीच गोष्ट ठरते: बिल कोण भरणार. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त निघालं तर तो ‘उपचार’, कमी निघालं तर ‘सौंदर्यासाठी केलेली हौस’. आमचा आक्षेप या काट्यावरच्या निवाड्याला आहे. हा निवाडा बदलेपर्यंत बाईने काय करायचं, कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, हेही त्याच ओघात सांगायला हवं.

आधी दुखण्याबद्दल. अति मोठ्या स्तनांचं ओझं पुढच्या बाजूला लोंबतं, खांदे पुढे ओढले जातात, आणि मान व पाठीचे वरचे स्नायू दिवसभर ते ओझं मागे खेचत राहतात. ब्राचे पट्टे खांद्यात रुततात आणि तिथे कायमची खाच पडते. काहींना करंगळीच्या बाजूने हाताला मुंग्या येतात. स्तनाखालच्या घडीत घाम साचतो, कातडी कातडीला घासते, आधी लाल होते, मग सोलते, मग तिथे बुरशी धरते. मलम लावलं की जाते आणि पुढच्या उकाड्यात परत येते. धावणं, पोहणं, जिना भराभर चढणं बंद होतं. बायका हे वर्षानुवर्षं अंगावर काढतात, कारण सांगायची लाज वाटते, आणि सांगितलं तर ‘वजन कमी कर’ एवढंच ऐकायला मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी 10 मध्ये, या अवस्थेला एन 62 असा स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणजे आजार कागदावर मान्य आहे. घोडं पेंड खातं ते उपचाराच्या पैशांपाशी.

वजनाची अट आली कुठून? 1991 साली अमेरिकेत पॉल श्नुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लास्टिक सर्जनांची पाहणी केली. तुमच्या रुग्णांनी ही शस्त्रक्रिया त्रासासाठी करून घेतली की दिसण्यासाठी, असं सर्जनांना विचारलं आणि काढलेल्या ऊतकाचं वजन रुग्णाच्या शरीराच्या पृष्ठफळाशी ताडून पाहिलं. त्यातून एक सरकती पट्टी तयार झाली. पृष्ठफळ 1.70 चौरस मीटर असेल तर प्रत्येक बाजूने 370 ग्रॅम, 1.80 असेल तर 441, 2.00 असेल तर 628. हे आकडे 22 व्या शततमकाचे, म्हणजे शंभरातल्या बावीस जणींचं ऊतक याहून कमी निघालेलं; त्याच्या वर गेलं की हेतू वैद्यकीय समजायचा. नीट पाहिलं तर पट्टीच्या मुळाशी आहे तो सर्जनांनी बांधलेला हेतूचा अंदाज. कोणाचं दुखणं किती कमी झालं, हे त्यात मोजलेलंच नव्हतं. 1999 मध्ये श्नुर यांनी स्वतःच या पट्टीच्या वापराकडे पुन्हा वळून पाहिलं. पण तोवर ती कंपन्यांच्या नियमावल्यांत घट्ट बसली होती. ज्यांना एवढीही आकडेमोड नको, त्यांनी सरसकट 500 ग्रॅमची अट घालून टाकली.

ही पट्टी किती डळमळीत आहे ते एका उदाहरणावरून दिसेल. उंची 155 सेंटीमीटर आणि वजन 67 किलो असलेली बाई घ्या. पृष्ठफळ काढायचं मोस्टेलरचं सूत्र सोपं आहे: उंची गुणिले वजन, भागिले 3600, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं 1.70. अट झाली 370 ग्रॅम. आता त्याच बाईला जुनं ड्यू बॉइस सूत्र लावा. उत्तर येतं 1.66, आणि अट साधारण पंचवीस ग्रॅमने खाली येते. बाई तीच, दुखणं तेच, फरक फक्त कंपनीच्या संगणकात कुठलं सूत्र भरलंय याचा. तिचं वजन आठ किलोने वाढून 75 झालं, तर मोस्टेलरप्रमाणे पृष्ठफळ 1.80 होतं आणि अट 441 वर चढते. म्हणून पूर्वमंजुरीचा अर्ज करण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारा: पट्टी कुठली, सूत्र कुठलं, आणि वजन-उंची कुठल्या तारखेची धरणार.

वजन जास्त निघालं म्हणजे आराम जास्त पडतो, असंही नाही. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘ब्राव्हो’ नावाच्या अभ्यासमालेने हेच तपासलं. शस्त्रक्रियेनंतर त्रास ठळकपणे कमी झाला. खास ब्रा, फिजिओथेरपी, वजन घटवणं, गोळ्या यांनी टिकाऊ आराम पडला नाही. आणि किती ग्रॅम काढले यावरून कोणाला फायदा होईल हे सांगता येत नव्हतं. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट म्हटलंय, की एकाहून अधिक लक्षणं असतील तर वजनाची अट न घालता शस्त्रक्रिया हाच पहिला उपचार म्हणून देऊ करावा. पुरावा एका बाजूला आणि पॉलिसी दुसऱ्या बाजूला, असं हे चित्र आहे.

विमा कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. सामाईक पैशातून कोणाच्या हौसेचा खर्च होऊ नये ही अपेक्षा रास्त आहे, आणि ‘दुखतं’ हे तर कोणीही म्हणू शकतं. मोजता येईल असं काहीतरी हवं, म्हणून काटा. पण मोजायला सोपं ते खरं असतंच असं नाही. शिवाय गुडघा बदलताना ‘हाडाचा तुकडा इतक्या ग्रॅमचा निघाला तरच पैसे देऊ’ असं कोणी म्हणत नाही. तिथे दुखणं, हालचाल आणि आधीचे उपचार पाहूनच निर्णय होतो. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने, कर्करोगामुळे एक स्तन काढल्यावर त्याची पुनर्रचना ज्या विम्यात बसते, त्या विम्याला दुसरा स्तन सारखा करण्याचा खर्चही द्यावा लागतो. तिथे कोणी काटा आणत नाही. म्हणजे हीच शस्त्रक्रिया दिसण्याच्या समतोलासाठी केली तर चालते, आणि मानेच्या दुखण्यासाठी केली तर तिला ग्रॅम मोजून द्यावे लागतात!

सरकारी सेवा आहे म्हणून प्रश्न मिटतो असंही नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने 2018 मध्ये ठरवलेल्या निकषांत प्रत्येक बाजूने किमान 500 ग्रॅम किंवा ब्राच्या मापात चार कपांचा फरक, आणि वर्षभर 27 च्या खाली स्थिर राहिलेला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) अशा अटी आहेत. आपल्या उदाहरणातल्या बाईचा बीएमआय 27.9 येतो. दारातूनच परत! त्या बीएमआयमध्ये स्तनांचं वजनही मोजलेलं आहे आणि त्याच स्तनांमुळे तिला व्यायाम जमत नाही, याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

वजनाच्या अटीचा सगळ्यात वाईट परिणाम शस्त्रक्रियेच्या टेबलावर होतो. बाईला मध्यम आकार हवा आहे, तेवढ्यासाठी 330 ग्रॅम पुरेसे आहेत, आणि अट 370 ची आहे. चाळीस ग्रॅम आणखी काढले तर बिल भागतं, नाही काढले तर सगळा भार तिच्यावर. मग सर्जनने शरीराकडे पाहायचं की काट्याकडे? जास्त काढल्याने आकार बेढब होऊ शकतो, आणि स्तनाग्राचा रक्तपुरवठाही धोक्यात येऊ शकतो. हे बोलणं भूल देण्याच्या टेबलावर नव्हे, पहिल्या भेटीतच व्हायला हवं: तुमच्या अंदाजाने माझे किती निघतील, अट किती आहे, आणि कमी निघाले तर तुम्ही काय करणार? चांगला सर्जन याचं सरळ उत्तर देतो.

आता कागद. पुष्कळ नकार वैद्यकीय कारणाने येत नाहीत. फाइल कच्ची असते म्हणून येतात. ‘रुग्णाला पाठदुखी आहे, शस्त्रक्रियेचा सल्ला’ असं एका ओळीचं पत्र म्हणजे नकाराला दिलेलं आमंत्रण. त्याऐवजी पत्रात हवं: मान आणि दोन्ही खांदे दुखतात, किती वर्षांपासून, दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा, कपडे काढल्यावरही राहणाऱ्या, स्तनाखाली पुरळ, गेल्या वर्षभरात किती वेळा, कुठल्या तारखांना, कुठलं मलम किती दिवस लावलं आणि पुन्हा कधी उठलं, कुठली कामं करता येत नाहीत, कुठली औषधं घेतली, फिजिओथेरपी किती आठवडे केली. आणि शेवटी सर्जनचा अंदाज: प्रत्येक बाजूने किती ग्रॅम. कंपन्या बऱ्याचदा तीन ते सहा महिने इतर उपचार करून पाहिल्याचा पुरावा मागतात. हे महिने डॉक्टरकडे नोंद झाली तेव्हापासून मोजले जातात, दुखायला लागलं तेव्हापासून नाही. मलम दुकानातून आपलं आपण आणलं असेल तर ते कागदावर घडलेलंच नाही. म्हणून शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी करायचा विचार असला तरी पुरळ आज दाखवून घ्या, आणि निदान एन 62 सोबत पुरळाचं व मानदुखीचंही वेगळं लिहून घ्या. फोटो समोरून आणि दोन्ही बाजूंनी, चेहरा वगळून. खाचांचा आणि पुरळाचा जवळून, पुरळ उठलेलं असताना. मात्र नसलेलं लक्षण फुगवून लिहू नका. एक खोटी ओळ सापडली की अख्खा दावा, कधी कधी पॉलिसीसुद्धा, हातची जाते.

नकार आला तर फोनवर वाद घालून काही होत नाही. नकाराचं कारण आणि ज्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा. ‘वैद्यकीय गरज सिद्ध झाली नाही’ आणि ‘ही शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेली आहे’ हे दोन अगदी वेगळे नकार आहेत. पहिल्याविरुद्ध पुरावा देता येतो: सर्जनने कंपनीच्या डॉक्टरशी थेट बोलायचं, 2022 च्या सूचना जोडायच्या, आणि कंपनीतलं अपील फेटाळलं गेलं तर बाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेकडे जायचं. दुसऱ्या प्रकारात, वगळणूक नीट लिहिलेली असेल, तर अपिलात वर्ष घालवण्यात अर्थ नाही. पण कलम शब्दशः वाचा. ‘दिसण्यात बदल करणाऱ्या शस्त्रक्रिया वगळल्या आहेत, वैद्यकीय गरज असल्यास नाही’ अशी वाक्यं पुष्कळ पॉलिशींत असतात, आणि नकारपत्रात नेमका उत्तरार्ध गायब असतो.

विमा आहे पण अपुरा आहे, अशांसाठी एक हिशेब. ज्या पॉलिसीत दरवर्षी ठरावीक रक्कम आधी स्वतः भरावी लागते, त्यात ती रक्कम दुसऱ्या कारणाने भरून झालेल्या वर्षीच ही शस्त्रक्रिया करून घेतली तर पुष्कळ वाचतं. आणि सर्जन कंपनीच्या यादीत आहे म्हणून भूलतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजी लॅबही आहे, असं धरून चालू नका. तिघांचं वेगवेगळं विचारा. मंजुरी मिळूनही न परवडणारं बिल येतं ते बहुतेक इथूनच.

सगळेच पैसे स्वतः भरायचे असतील तर एकच आकडा ऐकून घरी येऊ नका. अंदाजपत्रक ओळीओळीने मागा: सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, थिएटरचे तास, मुक्काम, रक्ततपासण्या, मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे), पॅथॉलॉजी (काढलेल्या ऊतकाची तपासणी), औषधं, सर्जिकल ब्रा, टाके काढणं, पुढच्या भेटी. शस्त्रक्रियेला साधारण दोन ते चार तास लागतात. थिएटर तासावर असेल तर चौथ्या तासाचं काय, हे आधीच विचारा. स्वतः पैसे भरणाऱ्यांसाठी बऱ्याच रुग्णालयांत वेगळा पॅकेज दर असतो, पण तो मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. आयत्या वेळी रिकामी झालेली तारीख घ्यायची तयारी असेल तर तेही सांगून ठेवा.

कुठे कात्री चालते? मुक्कामात चालते. तब्येत ठीक असेल, झोपेत श्वास अडण्याचा आजार नसेल, घर जवळ असेल आणि पहिले चोवीस तास कोणी सोबत असेल, तर त्याच दिवशी घरी जाता येतं. आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या सरसकट घालायची गरज नसते. समोरून उघडणाऱ्या, तार नसलेल्या दोन साध्या घट्ट ब्रा महागड्या ‘मेडिकल’ ब्राचं काम करतात. व्रणावरची लेझर पॅकेजं, काखेतली चरबी ‘जाता जाता’ काढून देण्याची ऑफर, हे सगळं नंतर करता येतं, किंवा करायची गरजच नसते.

आणि कुठे नाही? भूलतज्ज्ञ पूर्णवेळ टेबलापाशी असणं, अडचण आली तर अतिदक्षता विभागात हलवायची सोय, आणि प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण घेतलेला सर्जन. ‘कॉस्मेटिक’ पाटी लावलेला कुठलाही डॉक्टर प्लास्टिक सर्जन नसतो. पॅथॉलॉजीही सोडू नका. काढलेल्या ऊतकात क्वचित न समजलेला कर्करोग सापडतो, आणि ऊतक तपासणीला न जाता कचऱ्यात गेलं तर तो कळतच नाही. वयानुसार लागणारा मॅमोग्राम आधी करून घ्यावा, कारण शस्त्रक्रियेनंतर आतल्या व्रणांमुळे चित्र बदलतं.

शिक्षण देणाऱ्या मोठ्या रुग्णालयांबद्दल लोकांच्या मनात भीती असते: शिकाऊ डॉक्टर कापणार. भीती निम्मीच खरी आहे. तिथे निवासी डॉक्टर हात लावतात, पण वरिष्ठ सर्जन हजर असतो, रात्री एक वाजता रक्त साचलं तर थिएटर उघडं असतं, आणि खर्च बराच कमी येतो. किंमत मोजावी लागते ती वेळेत, कारण प्रतीक्षायादी लांब असते आणि तातडीच्या रुग्णासाठी तुमची तारीख ढकलली जाते. ‘माझ्या शस्त्रक्रियेत मुख्य टप्पे कोण करणार?’ हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आमच्या मते, पैशांची अडचण असलेल्या बाईसाठी चकचकीत छोट्या क्लिनिकपेक्षा हा मार्ग बहुतेक वेळा चांगला.

बिनव्याजी हप्त्यांच्या योजनांत मेख असते. काही योजनांत ठरलेल्या मुदतीत शेवटचा पैसा फेडला नाही, तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम अंगावर येतं. एकूण रक्कम मुदतीच्या महिन्यांनी भागा. तो हप्ता दर महिना झेपत नसेल तर ती योजना तुमच्यासाठी नाही. स्वस्त म्हणून दुसऱ्या देशात जाण्याचा हिशेबही तसाच फसवा. 2003-04 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करून परतलेल्या अमेरिकी स्त्रियांत क्षयाच्या जंतूंच्या कुळातल्या जिवाणूचा जखमेतला संसर्ग आढळला होता, आणि असा संसर्ग काढायला महिनोन्‌महिने औषधं लागतात. तेवढं वाईट काही घडलं नाही, तरी मोठ्या शस्त्रक्रियेनंतर लांबचा विमानप्रवास पायातल्या रक्ताच्या गुठळीचा धोका वाढवतो, आणि तिसऱ्या आठवड्यात जखम उघडली तर दुसऱ्याने केलेलं काम हाती घ्यायला इथला सर्जन राजी होईलच असं नाही.

जखम उघडण्याचं एवढं का सांगायचं? कारण तेच सर्वांत जास्त घडतं. नेहमीच्या पद्धतीत स्तनाग्राभोवती, तिथून खाली, आणि खालच्या घडीत आडवा असा जहाजाच्या नांगराच्या आकाराचा व्रण राहतो. उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते तिथे कातडीवर सर्वांत जास्त ताण असतो आणि रक्त सर्वांत कमी पोचतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथे फट पडते. बहुतेकदा ती ड्रेसिंगने भरते, पण ड्रेसिंग आठवडेच्या आठवडे चालतं, आणि तो खर्च अंदाजपत्रकात नसतो. सिगारेट, तंबाखू, मिश्री, निकोटिनची च्युइंगम, काहीही असो, किमान चार आठवडे आधीपासून बंद हवं. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि ही फट रुंद करतं, स्तनाग्रही गमावायची वेळ येऊ शकते. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणा. दुसरी अडचण पहिल्या चोवीस तासांतली: एक बाजू अचानक टणक, मोठी आणि खूप दुखरी झाली तर आत रक्त साचलंय, आणि पुन्हा थिएटरमध्ये जावं लागतं. त्या दुसऱ्या फेरीचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का? बहुतेक पॅकेजांत ‘गुंतागुंत वगळून’ अशी बारीक ओळ असते. रक्त साचणं, जखम उघडणं, स्तनाग्राचा रक्तपुरवठा बिघडणं, या तिन्हींचं लेखी उत्तर घ्या.

वेळही पैसाच आहे. वजन बदलत असेल, किंवा वर्षा-दोन वर्षांत मूल हवं असेल, तर थांबणं स्वस्त पडतं, कारण गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेला कुठलीच कंपनी सहज पैसे देत नाही. शिवाय शस्त्रक्रियेनंतर अंगावर पाजणं काहींना कमी जमतं किंवा जमतच नाही. बैठ्या कामाची साधारण दोन आठवड्यांची रजा धरा. जड उचलणं चार ते सहा आठवडे बंद, आणि त्यात पाण्याची बादली आणि कडेवरचं मूलही आलं. घरात त्या काळात कोण उचलणार, हे ठरल्याशिवाय तारीख घेऊ नका.

शस्त्रक्रिया पदरचे पैसे घालून केली तरी तीन कागद जपून ठेवा: प्रत्येक बाजूच्या वजनाची नोंद असलेली शस्त्रक्रियेची टिपणी, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि ओळीओळीचं बिल. पूर्वमंजुरी ‘अंदाजित वजन कमी’ म्हणून नाकारली होती, आणि काट्यावर प्रत्यक्षात 392 आणि 405 ग्रॅम आले, तर अपिलाची मुदत संपायच्या आत हे तिन्ही कागद लावून तोच दावा पुन्हा पाठवा. काटा त्यांनीच आणला होता.